वर्षाला हजार किलोमीटर आणि पंधरा किलो : उद्दिष्ट नेमके कशाचे ठेवावे?

उशिरा_निघालेला | २ जानेवारी

गेल्या वर्षी याच सुमारास मी १२०० किलोमीटर धावण्याचा संकल्प चारचौघांत जाहीर केला होता. जानेवारीत ९६ आणि फेब्रुवारीत ११० किलोमीटर झाले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात डाव्या नडगीची आतली बाजू दुखू लागली, तरी मागे पडायला नको म्हणून मी आणखी २५ किलोमीटर ओढले, आणि त्यानंतर वर्षभरात एकदाही धावलो नाही. एकूण २३१. वजन या काळात ९३ वरून साडेनव्वदपर्यंत उतरले आणि ऑगस्टपर्यंत ९४ वर गेले, म्हणजे जिथून निघालो त्याच्याही पुढे पोचले.

आता माझे वय ४१, उंची १७० सेंटीमीटर आणि वजन ९१ किलो आहे. गेले चार महिने आठवड्यातून पाच दिवस चाळीस मिनिटे नियमित चालतो आहे आणि त्यातून तीनेक किलो उतरले आहेत. या वर्षी १००० किलोमीटर धावून डिसेंबरअखेर ७६ किलोवर यावे, असे मनात आहे. परंतु एकदा तोंड पोळल्यामुळे या वेळी संकल्प लिहिण्याआधी विचारतो आहे. हजाराचा आकडा माझ्यासारख्याला योग्य आहे का? उद्दिष्ट किलोमीटरमध्ये ठेवावे, दिवसांत ठेवावे की मिनिटांत? आणि धावणे व वजन यांची सांगड एकाच संकल्पात घालावी की नाही?

---

तळटीप | २ जानेवारी

आधी हिशेब मांडते, कारण बहुतेक संकल्प हिशेबातच अडखळतात आणि दोष मात्र मनोनिग्रहाला दिला जातो.

१००० भागिले ५२ म्हणजे आठवड्याला १९.२ किलोमीटर, हे तुम्ही केलेच असेल. पण ५२ आठवडे दिनदर्शिकेत असतात, धावणाऱ्याच्या हाती तितके लागत नाहीत. आजारपण, प्रवास, घरची अडचण, कामाची घाई आणि एखादे किरकोळ दुखणे यांसाठी आठ आठवडे बाजूला काढून ठेवले तर ४४ उरतात आणि आठवड्याचा वाटा २२.७ किलोमीटर होतो. त्यांतले पहिले अकरा आठवडे तुम्ही शहाणपणाने दहा-दहा किलोमीटरच केलेत, तर उरलेल्या ३३ आठवड्यांना प्रत्येकी २७ किलोमीटर करावे लागतील. म्हणजे कागदावर रोजचे पावणेतीन किलोमीटर दिसणारे उद्दिष्ट प्रत्यक्षात आठवड्याला २७ किलोमीटरचे असते, आणि ९१ किलोच्या नवख्या माणसासाठी ते लहान नाही.

आता वजनाचा हिशेब. धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक उष्मांक खर्च होतो. वेग वाढवला तरी हा आकडा फारसा हलत नाही, तेवढाच खर्च फक्त लवकर होतो. वर्षभरातले तुमचे सरासरी वजन ८४ किलो धरले तर हजार किलोमीटरांचे ८४,००० उष्मांक झाले. एक किलो चरबीमागे ७,७०० उष्मांक ही सर्वत्र वापरली जाणारी संख्या आहे. तिचे मूळ विशनॉफ्स्की यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या, एका पौंडाला ३,५०० उष्मांक या गणितात आहे. त्या हिशेबाने पावणेअकरा ते अकरा किलो घटायला हवेत आणि इथेच माणूस हुरळतो.

वजाबाकी यानंतर सुरू होते. दर किलोमीटरला आठ मिनिटे या गतीने हजार किलोमीटरांना सुमारे १३३ तास लागतात, आणि तेवढे तास तुम्ही नुसते बसून काढले असते तरी अकरा हजारांच्या आसपास उष्मांक खर्च झालेच असते. ते वगळले की ७३,००० उरतात, म्हणजे दिवसाला २००. धावणे जर तुमच्या चालण्याच्या वेळात होणार असेल तर चालण्याचाही खर्च वजा करावा लागेल, कारण तीन किलो उतरवणारे ते चालणे आता बंद झालेले असेल. शिवाय ७,७०० ची संख्या वर्षभर सरळ रेषेत चालत नाही, कारण शरीर हलके होते तसा त्याचा एकूण खर्चही घटत जातो.

शेवटची वजाबाकी दिसत नाही, पण बहुतेकदा सर्वांत मोठी तीच असते. धावून आलेला माणूस उरलेल्या दिवसात कमी हलतो आणि नकळत अधिक खातो. टिमथी चर्च आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ४६४ बैठ्या जीवनशैलीच्या, रजोनिवृत्त स्त्रियांवर सहा महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत सर्वाधिक व्यायाम करणाऱ्या गटाचे वजन गणिताप्रमाणे २.७ किलोने घटायला हवे होते, प्रत्यक्षात ते दीड किलोच घटले. हर्मन पॉन्ट्झर यांनी टांझानियातील हाडझा या शिकारी-संकलक लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा शरीराचे आकारमान लक्षात घेता तो शहरी, बैठ्या माणसांच्या खर्चाहून फारसा वेगळा निघाला नाही. त्या २०१२ च्या निष्कर्षाचा अर्थ कसा लावायचा यावर अजून वाद आहेत. पण ‘जितके धावलो तितके जळाले’ ही समजूत त्यानंतर निर्धास्तपणे बाळगता येत नाही.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पंधरा किलो घटवायचे असतील तर त्यातला मोठा वाटा ताटात ठरेल. किलोमीटरांवर ते ओझे टाकू नये.

---

संथवाट | ३ जानेवारी

तळटीप यांचा हिशेब पटला. मी पायांविषयी लिहितो.

गेल्या जानेवारीतले ९६ किलोमीटर कशाच्या पायावर उभे होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्याआधीच्या डिसेंबरमध्ये किती धावत होतात?

---

उशिरा_निघालेला | ३ जानेवारी

शून्य. लिहायला संकोच वाटला म्हणून गाळले होते. ३१ डिसेंबरला मी जिना चढूनही थांबत असे, आणि ४ जानेवारीला सलग चार किलोमीटर धावलो होतो. पहिले तीन आठवडे इतके उत्तम गेले की हे आपल्याला साधले, असेच वाटले.

---

संथवाट | ३ जानेवारी

ते तीन आठवडे उत्तम जातात हीच यातली फसगत आहे. हृदय, फुप्फुसे आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांत सुधारू लागते, दम कमी लागतो, आणि माणसाला वाटते की शरीर तयार झाले. हाडे आणि कंडरा मात्र महिन्यांच्या हिशेबाने बदलतात. हाडावर नवा ताण आला की आधी जुना भाग झिजवला जातो आणि मग नवा भरला जातो. त्या मधल्या काळात हाड आधीपेक्षा थोडे कमकुवत असते. श्वास जानेवारीतच पुढे निघून जातो, नडगी मागून येत असते, आणि मार्चमध्ये त्यांच्यातले अंतर दुखण्याच्या रूपाने समोर येते. तुमच्या बाबतीत हे तारखेसह झालेले दिसते.

धावताना प्रत्येक पाऊल टेकते तेव्हा जमिनीकडून वजनाच्या साधारण दोन ते तीन पट बल पायावर येते. ९१ किलोच्या माणसाने हे गणित मनात ठेवले की ‘अमका ६० किलोचा मित्र आठवड्याला ३० किलोमीटर धावतो’ ही तुलना आपोआप गळून पडते. उलट बाजूने दिलासाही आहे. वजन जास्त असलेल्या आणि गुडघ्याच्या संधिवाताने त्रासलेल्या वयस्कर व्यक्तींवर मेसियर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वजन एक किलोने घटले की चालताना दर पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो, असे आढळले. म्हणजे आधी थोडे वजन उतरवून मग अंतर वाढवणे हा आळस नाही, तो योग्य क्रम आहे.

आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा नियम कोणीतरी सांगेलच. मीही तो वर्षानुवर्षे सांगत आलो. पण नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी नवख्या धावकांचे दोन गट करून एका गटाला हळूहळू, दहा टक्क्यांच्या नियमाने वाढणारा १३ आठवड्यांचा कार्यक्रम दिला आणि दुसऱ्याला ८ आठवड्यांचा नेहमीचा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात दोन्ही गटांतील जवळजवळ एक पंचमांश लोक सारखेच जायबंदी झाले होते. नियम निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, पण तो कवच नाही. दुखणे आदल्या दिवशीपेक्षा वाढले आहे का, सकाळी पाऊल टाकताना जाणवते का, बोटाने दाबल्यावर हाडावर एका ठिकाणी टोचते का, हे प्रश्न टक्केवारीपेक्षा अधिक उपयोगी आहेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

म्हणून पहिले तीन महिने अंतर मोजूच नका. एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे अर्धा तास, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. हे नवख्यांचे खेळणे आहे असे समजू नका. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे हेच धावणे-चालणे पुढे हजारो लोकांना शिकवत आले. धावताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, एवढी एक कसोटी पुरेशी आहे.

---

पाटीवरचा_आकडा | ४ जानेवारी

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण त्यांतून मोठा आकडा ठेवणे हीच चूक असल्याचा सूर निघतो आहे, आणि त्याला माझा विरोध आहे. मी सलग सहा वर्षे हजाराच्या वर धावतो आहे. फेब्रुवारीच्या एखाद्या काळोख्या पहाटे मला अंथरुणातून उठवणारी गोष्ट आरोग्य नाही. आरोग्य फार लांबचे असते. मला उठवतो तो दारामागच्या पाटीवर खडूने लिहिलेला आकडा. आठवड्याच्या उद्दिष्टाचे तसे नसते. ते मोडले की सोमवारपासून नवे सुरू होते, आणि असे सोमवार वर्षात ५२ येतात. वर्षाचे उद्दिष्ट एकदाच असते म्हणून त्याला वजन असते.

मात्र सहा वर्षांत दोन गोष्टी शिकलो, त्या कबूल करतो. पहिली, मागे पडलेले किलोमीटर ही उसनवारी समजू नये. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये १४ दिवस तापात गेले आणि मी मे महिन्यात ते फेडायला निघालो. जूनमध्ये टाच धरली आणि आणखी पाच आठवडे गेले. १४ दिवसांच्या मुद्दलावर ३५ दिवसांचे व्याज भरले. दुसरी, पाटीवर वजनाचा आकडा कधी लिहू नये. किलोमीटर एकदा धावले की ते कोणी परत घेत नाही, पाटीवरचा आकडा वाढतच जातो. वजन मात्र मीठ, झोप, पाणी अशा कशानेही एका रात्रीत वर-खाली होते. दोन्ही शेजारी लिहिले की वाढणाऱ्या आकड्याचा आनंद डळमळणारा आकडा खाऊन टाकतो.

रॉन हिल यांचे उदाहरण इथे आठवते. हा ब्रिटिश मॅरेथॉनपटू २० डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, म्हणजे ५२ वर्षांहून अधिक काळ, दररोज धावला.

---

तळटीप | ४ जानेवारी

रॉन हिल यांचे उदाहरण खरे तर माझ्या बाजूचे आहे. त्यांचे बंधन दिवसाचे होते, दिवसाला किमान एक मैल. वर्षाचा एकूण आकडा हे त्यांचे बंधन नव्हते. आणि छातीत दुखू लागले तेव्हा त्यांनी ती ५२ वर्षांची साखळी स्वतः तोडली. अर्थात रोज धावणे नवख्याने करावे असे मी सुचवत नाही. पण ‘किती’ऐवजी ‘केले की नाही’ हे मोजण्याचे तत्त्व त्यातून घेता येते.

---

संथवाट | ४ जानेवारी

पाटीच्या बाजूने एक शब्द लिहितो, कारण त्यांचा मुद्दा मी आधी पुरेसा ऐकला नव्हता. मोठ्या आकड्याने माणूस उठतो हे खरे आहे. अडचण एवढीच की तोच आकडा नडगी दुखत असतानाही त्याला उठवतो. आकड्याला थांबण्याचा नियम जोडलेला असेल तर माझी हरकत नाही.

---

पाटीवरचा_आकडा | ४ जानेवारी

मान्य. पण मग चाललेले किलोमीटर त्यात धरायचे का? माझ्या मते नाही. धावण्याचे उद्दिष्ट असेल तर धावलेलेच मोजावे, अन्यथा डिसेंबरमध्ये बाजारहाटही त्यात येईल.

---

तळटीप | ५ जानेवारी

ऊर्जेच्या दृष्टीने फरक आहे, हे बरोबर. विश्रांतीचा खर्च वगळला तर मध्यम गतीने एक किलोमीटर चालण्याला धावण्याच्या निम्म्याच्या आसपास खर्च येतो. पण जो माणूस एक मिनिट धावतो आणि दोन मिनिटे चालतो, त्याच्या अर्ध्या तासातले धावणे वेगळे काढायचे तर तो दर मिनिटाला मनगटाकडे पाहत बसेल. धावण्यासाठी म्हणून घराबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंतचे सगळे मोजावे, बाजारहाट मोजू नये. इतका सोपा नियम पुरे.

---

अर्धविराम | ६ जानेवारी

मी सहसा लिहीत नाही, पण ७६ किलो आणि १००० किलोमीटर एकाच ओळीत वाचले आणि राहवले नाही.

चार वर्षांपूर्वी मी नेमके हेच केले होते. वर्षाला दीड हजार किलोमीटर आणि १८ किलो. सहा महिन्यांत १४ किलो उतरले, सगळे कौतुक करत होते आणि माझी गती सुधारत होती. सातव्या महिन्यापासून मासिक पाळी आली नाही. ती गोष्ट मी सोयीची समजले, हे लिहिताना आज लाज वाटते. दहाव्या महिन्यात पावलाच्या हाडाला ताणाने बारीक भेग पडली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहण्याआधी मला विचारले की मी दिवसाला किती खाते. तोवर मला हाड आणि ताट यांचा काही संबंध आहे, असे वाटलेच नव्हते.

पुढे वाचल्यावर कळले की याला नाव आहे. खेळाडू स्त्रियांतील अपुरे खाणे, पाळी बंद होणे आणि हाडे ठिसूळ होणे हे त्रिकूट डॉक्टरांना आधीपासून माहीत होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ च्या निवेदनात ती कल्पना विस्तारून पुरुषांनाही लागू केली. मिळणारी ऊर्जा व्यायामातच संपली की उरलेली कामे चालवायला शरीराकडे पुरेसे राहत नाही, मग ते हाडबांधणी, संप्रेरके, प्रतिकारशक्ती आणि झोप यांत काटकसर करू लागते. पुरुषांना पाळीसारखी उघड खूण नसते, म्हणून त्यांनी सतत गारठणे, चिडचिड, कामेच्छा घटणे, किरकोळ आजार पुन्हा पुन्हा होणे आणि झोप मोडणे यांकडे लक्ष द्यावे. वजन जास्त आहे म्हणजे आपल्याला हे होणार नाही, असे समजू नये. प्रश्न साठा किती आहे एवढ्याचाच नसतो, रोज तूट किती पडते आणि किती काळ पडते हाही असतो.

म्हणून माझे म्हणणे असे की या दोन उद्दिष्टांना एकाच वेळी ताण देऊ नका. ज्या महिन्यांत अंतर कमी आहे त्या महिन्यांत वजन घटवा, आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास, अधिक नको. ज्या महिन्यांत अंतर वाढवायचे त्या महिन्यांत वजन स्थिर राहिले तरी ते यशच समजा. प्रथिने वजनाच्या दर किलोला १.२ ते १.६ ग्रॅम मिळतील असे पाहा आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा, अन्यथा उतरलेल्या किलोंत स्नायूंचा वाटा मोठा निघतो.

आणि काट्याविषयी. धावणे सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन एखाद्या किलोने वाढले तर घाबरू नका. स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीराने साठवलेल्या साखरेबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी राहते, दुखऱ्या स्नायूंतही पाणी धरले जाते आणि रक्तातील द्रवाचे प्रमाणही वाढते. त्याच आठवड्यांत निराश होऊन मी जेवण आणखी कमी केले होते. सगळे तिथूनच सुरू झाले.

---

संथवाट | ६ जानेवारी

अर्धविराम, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या प्रतिसादात हाडांविषयी इतके लिहूनही खाण्याचा मुद्दा राहून गेला होता.

---

कोरी_वही | ७ जानेवारी

एक लहानशी भर. घड्याळ दाखवते ते खर्च झालेले उष्मांक पाहून जेवण ठरवू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणे तपासली गेली, त्यांत हृदयगती बहुतेकांनी बरी मोजली, पण ऊर्जाखर्चात सर्वांत अचूक ठरलेल्या उपकरणाचीही चूक सरासरी २७ टक्के होती. मी दोन वर्षे घड्याळाने ‘कमावलेले’ सगळे खाल्ले आणि माझे वजन दोन्ही वर्षे जागचे हलले नाही.

---

तिसरा_मुक्काम | ८ जानेवारी

धागा वाचताना वाटले की सगळे वजन उतरवण्याविषयी बोलत आहेत. उतरवलेले राखायचे कसे, याविषयी अजून कोणी बोललेले नाही. धावण्याचे खरे काम तर तिथे सुरू होते.

अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये वजन घटवून टिकवणाऱ्यांची एक राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. किमान १३.६ किलो घटवून किमान एक वर्ष राखलेल्यांनाच तीत प्रवेश मिळतो. त्यांतील बहुसंख्य लोक दिवसाला सरासरी तासभर शारीरिक हालचाल करतात आणि त्यांचा सर्वाधिक पसंतीचा व्यायाम चालणे हा आहे. ही मंडळी स्वतःहून नाव नोंदवणारी आहेत, तेव्हा त्यांच्यावरून सर्वांविषयी निष्कर्ष काढता येणार नाही. तरी माझ्या अनुभवाशी ते जुळते. माझे १६ किलो बहुतांशी खाण्यातल्या बदलाने उतरले. धावण्याचा वाटा त्यात फार तर पाव असेल. पण गेली तीन वर्षे ते परत आलेले नाहीत, त्याचे श्रेय मी धावण्याला देतो, कारण ज्या महिन्यात धावणे सुटते त्या महिन्यात खाण्यावरचा ताबाही सुटतो. हे उष्मांकांच्या वजाबाकीने समजावता येत नाही.

तेव्हा उद्दिष्ट ठरवताना स्वतःला असे विचारून पाहा, की जे यंदा करणार आहात ते पुढच्या वर्षीही करावेसे वाटेल का? १००० किलोमीटर पूर्ण करून २ जानेवारीला बूट माळ्यावर टाकणारे मी तीन तरी पाहिले आहेत.

---

उशिरा_निघालेला | ११ जानेवारी

चार दिवस सर्व प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले आणि वहीत जे लिहिले ते इथे उतरवतो.

मुख्य उद्दिष्ट दिवसांचे ठेवले आहे. वर्षात १४० दिवस धावण्यासाठी घराबाहेर पडायचे. आठवड्याला तीन दिवस धरले तर ४७ आठवड्यांत ते पूर्ण होतात आणि पाच आठवडे हातचे राहतात. बाहेर पडून वीस मिनिटे झाली की तो दिवस धरला जाईल, मग त्यात चालणे किती आणि धावणे किती हे पाहायचे नाही. पाटीची भूक मलाही आहे, म्हणून ६५० किलोमीटर हा आकडा दारामागे लिहिला आहे. परंतु मार्चअखेरपर्यंत त्याकडे पाहायचे नाही, असे ठरले आहे. ज्या आठवड्यात तीनऐवजी एकच दिवस झाला त्याचे उरलेले दोन दिवस त्या आठवड्याबरोबर बुडाले, ते पुढच्या आठवड्यात फेडायचे नाहीत. दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेले असेल तर तीन दिवस फक्त चालणे, आणि हाडावर बोट टोचले तर थेट डॉक्टर.

वजन वेगळ्या वहीत आहे. रोज सकाळी मोजतो, पण रोजच्या आकड्याकडे न पाहता महिन्याची सरासरी काढायची, आणि महिन्यातून एकदा कंबर. ७६ खोडले. वर्षअखेर ८२, म्हणजे सुमारे दहा टक्के, आणि तेही जूनपर्यंत जेवढे उतरेल तेवढे उतरवून मग शक्यतो राखायचे. पाच ते दहा टक्क्यांच्या घटीनेही रक्तदाब आणि रक्तातील साखर यांत फरक पडतो, असे डॉक्टरांनी सांगितले. गेल्या शनिवारी त्यांच्याकडे जाऊन रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख तपासून घेतला. चाळिशीनंतर हे आधी करायला हवे होते. चालण्याचे पाचांपैकी दोन दिवस तसेच ठेवले आहेत.

---

पाटीवरचा_आकडा | ११ जानेवारी

६५० मला कमी वाटतात, पण १४० दिवस कमी नाहीत. पाटी आहे म्हटल्यावर माझी तक्रार संपली.

---

उशिरा_निघालेला | ३ एप्रिल

तीन महिन्यांचा अहवाल द्यायचे कबूल केले होते. एकूण ३६ दिवस झाले, त्यांत ११८ किलोमीटर, म्हणजे दिवसाला सरासरी सव्वातीन. गेल्या वर्षी या तारखेला २३१ होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिल्यावर पहिला अर्धा तास वाईट वाटले. वजनाची मार्चची सरासरी ८८.१ आहे आणि कंबर १०४ वरून १०० सेंटीमीटरवर आली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात वजन खरोखरच ९२ च्या वर गेले होते. अर्धविराम यांनी आधी लिहून ठेवले नसते तर मी तिथेच जेवण तोडले असते.

फेब्रुवारीत नऊ दिवस ताप आणि खोकला होता. बरे झाल्यावर पहिल्या रविवारी बुडालेले सगळे एकदम भरून काढण्यासाठी मी बूट घालून दाराशी उभा होतो. वीस मिनिटे चालून परत आलो. सध्या तीन मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे असे चालू आहे आणि बोलत धावता येते. नडगी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा कुरकुरली, तेव्हा तीन दिवस नुसता चाललो.

आता पाटीकडे पाहायला सुरुवात केली आहे. १०४ दिवसांत ५३२ किलोमीटर उरले आहेत, म्हणजे दिवसाला पाचच्या थोडे वर.

---

संथवाट | ३ एप्रिल

दिवसाला पाच एप्रिलमध्येच गाठायला जाऊ नका. जूनपर्यंत तीनपैकी दोन दिवस चारच्या आत ठेवून एकच दिवस हळूहळू लांबवा. शेवटच्या तिमाहीत सरासरी आपोआप वर येईल, आणि ६५० ऐवजी ६०० झाले तरी १४० दिवस उरतातच. दुसरे असे की बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात, पण तुमचे गेल्या वर्षीचेच असतील तर ते २३१ त्यात मिळवा. शिवाय चालण्याचे दिवसही त्याच बुटांवर जात असतील. ते कोणत्या वहीत लिहिता?

---

उशिरा_निघालेला | ४ एप्रिल

कोणत्याच वहीत लिहीत नव्हतो. काल रात्री बूट उलटे करून पाहिले, तर डाव्या टाचेची बाहेरची कड सपाट झालेली आहे. चालण्यासाठी आजपासून जुनी जोडी वेगळी काढली आहे.

---

पाटीवरचा_आकडा | ४ एप्रिल

डावीच का, हे मात्र पाहायला हवे. नडगीही डावीच होती ना?

---

उशिरा_निघालेला | ४ एप्रिल

होय, डावीच. सोमवारी दोन्ही बूट घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जातो आहे. काय सांगतात ते इथेच लिहीन.